वारा सुटला की सासूबाई गुरं सोडायला निघतात

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली. आम्ही श्रीवर्धन तालुक्यात राहतो. कौलारू घर, मागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे सुरूचं बन आणि समुद्र. मिस्टर मुंबईला नोकरीला, पंधरा दिवसांनी येतात. मुलगा पुण्यात शिकतो. घरात आम्ही दोघीच.

निसर्ग वादळात आमची कौलं उडाली, अर्धी वाडी आडवी झाली. तेव्हा आई ठणठणीत होत्या. माजघरात बसून मलाच धीर देत होत्या. आता सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली, वारा सुटला आणि ‘गुरं सोडायची राहिलीत’ म्हणत त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या. आमचा गोठा रिकामा होऊन कितीतरी वर्षं झाली. मला जाग आली तेव्हा दार सताड उघडं होतं. शेजारचे दादा बॅटरी घेऊन धावले म्हणून बरं. आई विहिरीच्या कठड्याला धरून भिजत उभ्या होत्या.

तेव्हापासून मळभ आलं की माझ्या पोटात गोळा येतो. पुन्हा तसं वादळ आलं आणि शाळेत हलायला सांगितलं तर त्या येतील का? आल्या तर राहतील का? नणंद म्हणते, पावसाळाभर आईला डोंबिवलीला पाठव. मागे एकदा नेलं होतं, तर दोन दिवस ‘मला घरी सोडा’ म्हणून दाराशी बसून होत्या. आणि एक विचारायला लाज वाटते. त्यांना हलवण्यासाठी खोटं बोलले तर चालेल का?

— एक सून, श्रीवर्धन तालुका

उत्तर

वहिनी,

आधी गुरांचं बघू. खोट्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

वारावादळ आलं, पाणी चढायला लागलं की दावणीची गुरं सोडायची असतात. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं, सुटलेलं वाट तरी काढतं. तुमच्या सासूबाईंनी हे आयुष्यभर केलं असणार. या आजारात नवीन गोष्टी साठवणारा मेंदूचा भाग आधी जातो, पण वर्षानुवर्षं हातांनी केलेली कामं बरीच मागून जातात. त्यामुळे त्या रात्री त्यांनी जे केलं ते त्यांच्या हिशेबाने अगदी बरोबर होतं. घरातली जबाबदार बाई जे करेल तेच. ‘आई, गुरं कुठायत आता?’ असं म्हणून तुम्ही त्यांना आजच्या तारखेला आणू शकणार नाही. त्यांना एवढंच कळेल की जनावरं बांधलेली आहेत आणि ही पोरगी वाट अडवून उभी आहे.

त्यापेक्षा, ‘सोडलीत आई. दादांनी वरच्या अंगाला नेलीत. तुम्ही पाय पुसा, चहा ठेवते.’ हे खोटं आहे, मान्य. पण ज्या काळजीने त्या उठल्या ती काळजी याने मिटते, आणि त्या घडीला तेवढंच हवं असतं. लाज वाटून घेऊ नका. एक पथ्य मात्र पाळा. अंगाशी येईल असं काही सांगू नका. ‘लग्नाला जायचंय’ म्हणालात तर त्या आधी ट्रंक उघडून ठेवणीतलं लुगडं शोधतील आणि शाळेत पोचल्यावर नवरानवरी कुठेत म्हणून दर दहा मिनिटांनी विचारतील. ‘डॉक्टरकडे’ म्हणालात तर उंबऱ्यातच बसकण मारतील. ‘वारा सुटलाय, आज काकूंकडे झोपायला जाऊ’ हे पुरे. छोटं आहे, बरंचसं खरं आहे. त्यांनी पुन्हा विचारलं की तेच वाक्य, त्याच सुरात. स्पष्टीकरण वाढवलंत की भीती वाढते.

आता डोंबिवली. नणंद प्रेमानेच म्हणते आहे, पण तिचा हिशेब जुळत नाही. अरबी समुद्रातली वादळं बहुतेक पावसाच्या दोन टोकांना येतात. फयान आलं नोव्हेंबर २००९ मध्ये, निसर्ग ३ जून २०२० ला, तौक्ते मे २०२१ मध्ये. मधल्या महिन्यांत धोका असतो तो पुराचा आणि दरडींचा. चिपळूण पाण्याखाली गेलं आणि महाड तालुक्यात तळीये गावावर दरड आली ती २२ जुलै २०२१ ला. म्हणजे जून ते सप्टेंबर आईंना तिकडे ठेवलंत तरी मे आणि नोव्हेंबर उरतातच. आणि पाणी काय फक्त आपल्याकडेच भरतं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांचं घर. तिथे रात्री अंधारातही त्यांच्या पायांना न्हाणीघराची वाट माहीत आहे. ब्लॉकमध्ये गेल्यावर संडासाचं दार कुठलं हेही रोज नव्याने शोधावं लागतं. गोंधळ वाढतो, झोप जाते, पडण्याची भीती वाढते, आणि परत आणल्यावर आधीच्या पातळीला येतीलच असं नाही. वादळाची शक्यता टाळायला चार महिन्यांची खात्रीची ओढाताण पत्करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. याला अपवाद एकच. ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत विचारा की तुमचं घर दरडीच्या किंवा उधाणाच्या पाण्याच्या धोक्यातल्या यादीत आहे का. असेल, तर पाऊस लागण्याआधीच हला. तेही शक्यतो तालुक्यातच, त्यांच्या बोलीचं माणूस असेल अशा घरी.

नसेल, तर गावातच एक घर हेरा. स्लॅबचं, नारळाच्या झाडांपासून लांब, खाडीच्या काठाला किंवा डोंगराच्या पायथ्याला नसलेलं, आणि ज्या घरातली बाई आईंना चेहऱ्याने ओळखीची आहे असं. नाव आठवलं नाही तरी चालेल. चेहरा बघून त्या बसतात का, तेवढं पाहा.

मग, आणि या पत्रातलं हे सगळ्यात महत्त्वाचं, त्या घरी आतापासून जायला लागा. आठवड्यातला एक वार ठरवा, समजा गुरुवार. तीच वाट, तीच छत्री, तीच पिशवी, तिथे गेल्यावर तीच खुर्ची आणि चहा. तासाभराने परत. एक-दोनदा दुपारची झोपही तिथेच होऊ द्या. पावसाच्या सरी सुरू झाल्या की एकदा भर सरीत न्या. वादळाच्या दिवशी त्यांना काहीही समजावून सांगता येणार नाही, त्यांच्या डोक्यात नवीन काही शिरणार नाही. पण पायांना वाट माहीत असेल तर त्या चालतील. त्यांच्यासाठी तो आणखी एक गुरुवार असेल, जरा जास्त पावसाचा.

केव्हा निघायचं? सगळे निघतात त्याच्या आधी. हवामान खातं वादळाची पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी देतं, पुढचे इशारे ४८ आणि २४ तासांवर येतात. पण समुद्र नेहमी एवढी सवड देईलच असं नाही. निसर्गला २ जूनला दुपारी चक्रीवादळ म्हणून नाव मिळालं आणि ३ जूनला भर दुपारी ते किनाऱ्यावर आदळलं. म्हणून तुमच्या घरापुरता नियम असा ठेवा: पहिल्या इशाऱ्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळची न्याहारी झाल्यावर निघायचं. दवंडीची वाट पाहायची नाही. दुपारी चारनंतर हलवायचं नाही, कारण उजेड उतरायला लागला की या आजाराच्या माणसांची घालमेल वाढते. सकाळी शांतपणे चालत जाणाऱ्या आई संध्याकाळी दारातून पाय काढणार नाहीत. वादळ बगल देऊन गेलं तर एक दिवस फुकट गेला म्हणू नका, तेवढाच सराव झाला.

निघायच्या दिवशी त्यांच्यासमोर आवराआवर करू नका. कपाटं उघडी, पिशव्या भरतायत, तुम्ही घामाघूम, हे पाहूनच त्या हादरतील. पिशवी मे महिन्यापासून दारामागे भरून असू दे. गॅस, मेन स्विच, कागदपत्रं ही कामं त्या शेजारच्या ओट्यावर बसलेल्या असताना उरका. रिक्षाने जाणार असाल तर त्यांना आतल्या अंगाला बसवा आणि तुम्ही दाराकडे.

कधी कधी वादळाचा मधला भाग डोक्यावरून जातो आणि वारा एकदम पडतो. आभाळही जरा उघडतं. लोक बाहेर येतात, कौलं बघायला जातात. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो, तितक्याच जोराचा. आई त्या वेळी हमखास म्हणणार, ‘थांबला की, चला घरी.’ तेव्हा त्यांच्याजवळ एक माणूस हात धरून बसलेलं हवं. तुम्ही खिडक्या बघायला उठलात तरी ते माणूस उठायचं नाही.

हे घर मिळालं नाही किंवा गावच शाळेत हलवलं, तरी तयारी तीच. फरक एवढा की शाळेत आधीच सांगून ठेवावं लागतं. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई या तिघांना आजच जाऊन सांगा की आमच्या घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस आहे, हलवताना मदत लागेल. ग्रामपंचायतीच्या आपत्ती आराखड्यात अशा माणसांची नोंद असायला हवी. नसेल तर करायला लावा. आपल्याकडे हे बोलायचंच नाही अशी रीत आहे. ‘म्हातारपण आहे, होतं असं’ म्हणून घरं दारं लावून घेतात. पण त्या रात्री बॅटरी घेऊन दादाच धावले ना? त्यांना आईंचा आजार माहीत होता म्हणून ते थेट विहिरीकडे गेले असतील. गावात चार माणसांना माहीत असणं ही त्यांची अब्रू जाणं नव्हे.

शाळेत वर्गाचा कोपरा मागा, भिंतीला पाठ लागेल असा आणि संडासाजवळचा. मधल्या जागेत माणसं सगळीकडून येतात-जातात, त्याने त्या भेदरतील. संडासाच्या कडीला एक लाल फडकं बांधून ठेवा आणि प्रत्येक वेळी तेच दाखवा. घरातली त्यांची गोधडी अंथरा, तिचा वास ओळखीचा असतो. आणि हाताला काम द्या. पिशवीत कापसाची पुडी घालून ठेवा आणि वाती वळायला द्या. ज्या बाईला स्वतःचं नाव सांगताना अडखळायला होतं, तिचा अंगठा आणि तळवा कापूस कसा पीळत जातात ते बघा. फुलवाती, लांब वाती, कशाही. वळून झाल्या की ‘आणखी लागतायत आई, गणपतीला पुरायला हव्यात’ म्हणा. श्रीवर्धनच्या आहेत, सुपारी वेचून वेगळी करणंही जमेल, पण अडकित्ता नको.

त्या रडल्या-ओरडल्या की कुणीतरी नक्की सुचवेल, ‘एक झोपेची गोळी दे, पडून राहतील.’ देऊ नका. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी म्हणून लिहून दिलेली असेल तेवढीच, तेवढ्याच मापात. दुसऱ्याची झोपेची गोळी किंवा सर्दी-खाजेची गुंगी आणणारी गोळी या आजारात उलटते. गोंधळ वाढतो, लघवी अडते, अंधारात उठून माणूस पडतं.

आता घरातल्या रात्रींबद्दल, कारण वादळ पाच वर्षांनी येईल, लाइट मात्र दर आठवड्याला जाणार. तुमच्या प्रसंगात मला वाऱ्यापेक्षा अंधार जास्त दिसतो. लाइट गेली, ओळखीची खोली अनोळखी झाली, सावल्या हलल्या आणि त्या उठल्या. लाइट गेल्यावर आपोआप पेटणारे चार्जिंगचे बल्ब मिळतात. एक त्यांच्या खोलीत, एक न्हाणीकडे जाताना, एक मागच्या दाराशी. मेणबत्ती, चिमणी, निरांजन रात्री पेटतं ठेवू नका. पदर लागायला वेळ लागत नाही.

मागच्या दाराला नेहमीची कडी राहू द्या, शिवाय खाली जमिनीलगत एक खिट्टी लावा. या आजारात माणूस नजरेच्या उंचीवर शोधतं, खाली-वर फारसं बघत नाही. बाहेरून कुलूप मात्र कधीही नको. आग लागली, आढं खाली आलं तर ते दार तुम्हालाही उघडायला हवं. दाराला गोठ्यातली जुनी घंटा बांधा, असेलच कुठेतरी माळ्यावर. ती वाजली की तुम्ही जाग्या व्हाल. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घ्या, त्यात चालढकल नको. या यादीत मोठ्या खर्चाची गोष्ट ती एकच आहे आणि ती पहिली करा. संडास परसात असेल तर पावसाळ्यापुरती कमोडची खुर्ची खोलीतच ठेवा. मध्यरात्री शेवाळलेल्या पायऱ्यांवरून नेणं हे वादळाइतकंच धोक्याचं.

इतकं करूनही त्या बाहेर पडल्याच, तर घर धुंडाळण्यात वेळ घालवू नका. आधी पाण्याच्या जागा: विहीर, पाट, खाडी, पुळण. मग त्यांच्या जुन्या वाटा: गोठा, देऊळ, माहेरच्या गावाकडे जाणारा रस्ता. हाक मारून उपयोग होईलच असं नाही. अशी माणसं बऱ्याचदा ओ देत नाहीत, झुडपाआड बसून राहतात. म्हणून हाका मारत धावण्यापेक्षा थांबून, बॅटरी मारून, नीट बघत जायचं. माहेरी त्यांना ज्या नावाने हाक मारायचे ते नाव नणंदेला विचारून ठेवा. सासरच्या नावाला न वळणारी बाई त्या नावाला वळू शकते. पंधरा मिनिटांत सापडल्या नाहीत तर ११२ ला फोन. हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं हा नुसता समज आहे, पोलीस लगेच घेतात. अलीकडचा पूर्ण उंचीचा फोटो तुमच्या आणि दादांच्या फोनमध्ये असू द्या. परकराच्या आतल्या बाजूला कापडाचा तुकडा शिवून त्यावर तुमचा नंबर लिहा. गळ्यातलं कार्ड त्या काढून टाकतील.

वादळाचा दिवस एकवेळ निभतो, पुढचे आठवडे कठीण जातात. निसर्गनंतर श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती आणि फोनला रेंज नव्हती, हे तुम्ही भोगलं आहे. म्हणून औषधं निदान तीन आठवड्यांची शिलकीत ठेवा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची कागदावरची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत. फोनमधला फोटो फोन बंद पडला की गेला. विसरण्याच्या आजाराची गोळी, समजा डोनेपेझिल, एखाद दिवस चुकली तर घाबरू नका. ती अंगात बरेच दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. पाठीवर चिकटवायची रिव्हास्टिग्मिनची पट्टी असेल तर मात्र लक्ष द्या. तीन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्याच मापाची पट्टी लावायची नाही, डॉक्टरांना विचारून कमी मापापासून पुन्हा सुरू करावी लागते. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या असतील तर त्यांचा खंड अधिक घातक. चष्मा, कवळी, कानाच्या मशीनचे सेल हे पिशवीत आधी घाला. ऐकू आलं नाही, दिसलं नाही की विसरभोळं माणूस दुप्पट हरवतं.

तहान लागली हे त्यांना कळत नाही, कळलं तरी सांगता येत नाही. तासाभराने दोन घोट पाणी, पेज, कोकमाचं सरबत असं हातात द्या. आणि हे लक्षात असू द्या: एका-दोन दिवसांत अचानक त्या फार बरळायला लागल्या, किंवा उलट गप्प गुंगीत पडून राहिल्या, तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नका. अल्झायमर इतक्या घाईने वाढत नाही. लघवीचा संसर्ग, ताप, पाणी कमी पडणं, पोट साफ न होणं, नवीन औषध, यातलं काहीतरी असतं आणि त्यावर इलाज असतो. पुराच्या किंवा चिखलाच्या पाण्यात पाय पडले असतील आणि ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. लेप्टो, म्हणजे अशा पाण्यातून होणारा ताप, अंगावर काढण्यासारखा नाही. गाडी हवी असेल तर १०८.

घराची पडझड झाली असेल तर डागडुजी होईपर्यंत त्यांना तिथे नेऊ नका. वाडीतली झाडं पडली तर त्या रोज सकाळी विचारतील, ‘हे नारळ कुठे गेले?’ पहिल्यांदा खरं सांगा. रोज रोज सांगाल तर रोज त्यांच्यावर तीच बातमी नव्याने कोसळेल. दुसऱ्या दिवसापासून ‘हो आई, वारा फार होता’ म्हणून हाताला धरून पुढे न्या.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या पत्रात सगळ्यांबद्दल आहे, तुम्ही पडलात तर काय, याबद्दल एक ओळ नाही. रात्री दोन वाजता ओट्यावरून तुमचा पाय घसरला आणि उठता आलं नाही, तर आई फोन करू शकणार नाहीत. त्या तुमच्याजवळ बसून राहतील, किंवा गुरं सोडायला जातील. शेजारच्या दादांकडे घराची एक किल्ली द्या. रोज सकाळी सातला तुमचा एक मेसेज त्यांना किंवा त्यांच्या बायकोला गेला पाहिजे. आठपर्यंत आला नाही तर त्यांनी दार वाजवायचं. रेंज नसेल त्या दिवसांत पुढच्या दाराची वरची झडप उघडी दिसली पाहिजे, असं काहीतरी ठरवा.

आणि एक कागद लिहा. तुमच्या गैरहजेरीत कुणीही उचलून आईंना सांभाळू शकेल असा, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. त्यावर गोळ्या आणि वेळा तर हव्यातच, पण बाकीचं जास्त हवं. त्यांना काय म्हणून हाक मारायची. चहा बशीतून लागतो का कपातून. आंघोळीला नको म्हणाल्या तर काय म्हटल्यावर येतात. कशाला घाबरतात: मिक्सर, पुरुषाचा मोठा आवाज, आरसा. लघवी लागली की काय करतात, कारण बोलून सांगणार नाहीत, पदराशी चाळा करतील किंवा उठ-बस करतील. गुरांचं विचारलं तर काय उत्तर द्यायचं. हे सगळं आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. खाली नंबर: ११२, १०८, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७, दादा, आशाताई, डॉक्टर.

हा कागद खरा की नाही ते तपासायला मिस्टरांना मे महिन्यात एक शनिवार-रविवार आईंबरोबर एकट्याने राहू द्या. तुम्ही माहेरी जा. फोन करून विचारलं तर सांगा, भिंतीवर लिहिलंय. परत आल्यावर ते कागदात चार गोष्टी वाढवतील, त्यातल्या दोन तुम्हालाही ठाऊक नसतील.

नणंदेला नाही म्हणू नका, तिला काम द्या. तिला आईंसाठी काहीतरी करायचं आहे आणि डोंबिवलीहून तिला एकच गोष्ट सुचते आहे. तिला सांगा, ‘आईंना तिकडे नको, तुम्ही इकडे या.’ मेचा शेवटचा आणि जूनचा पहिला आठवडा, वादळाची शक्यता जास्त तेव्हा. मुलांच्या शाळाही तेव्हा बंद असतात. दोघी असलात तर एक आईंचा हात धरेल आणि दुसरी कौलं, कागद, गॅस बघेल. विहिरीच्या जाळीचा आणि तीन बल्बांचा खर्चही तिच्याकडेच मागा. ते मागायला तुम्हाला जड जाईल, तर हे पत्रच तिला पाठवा.